नंदादीप आणि ताप्तीकाठचे कारागीर

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात दोन आठवणी जाग्या होतात. एक १६६४ आणि १६७० ची; शिवछत्रपतींच्या घोड्यांच्या टापांची. दुसरी १९०७ च्या डिसेंबरातील. राष्ट्रसभेचा मंडप उधळला गेला आणि लोकमान्यांचा पक्ष एका बाजूस व नेमस्त दुसऱ्या बाजूस झाले त्या अधिवेशनाची. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ह्या चतुःसूत्रीस पातळ होऊ द्यावयाचे की नाही, हाच त्या वादाचा गाभा होता. परंतु सुरतेची एक तिसरी ओळखही आहे, आणि समुद्राकाठी राहणाऱ्या आम्हां लोकांना ती अधिक जवळची वाटावी. १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हा सुतार सुरतेहून मुंबईस आला आणि त्याच्या वंशजांनी सागवानाची अशी जहाजे बांधली की १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात पाहावयास मिळते.

ही जहाजे टिकली ती केवळ सागवानामुळे नव्हेत. भरसमुद्रात गोदी नसते, सुतार सापडेलच असे नसते आणि फळी उकलली तर परत फिरण्यास वेळ नसतो, हे किनाऱ्यावर बसून फळी निवडणाऱ्याने आधीच गृहीत धरले होते. म्हणूनच आज सुरतेकडे आमचे लक्ष वेधले गेले आहे.

२०२४ च्या डिसेंबरात सुरतेत सुची सेमिकॉन ह्या कंपनीचा कारखाना सुरू झाला. चिप घडवण्याचा नव्हे, तर अन्यत्र घडलेल्या चिप्सना कवच चढवण्याचा, त्यांना तारा जोडण्याचा आणि त्यांची परीक्षा घेण्याचा हा उद्योग आहे. जरी-रेशमाच्या आणि हिऱ्यांच्या ह्या नगरीत एक नवा धंदा आला, एवढीच त्याची बातमी झाली. आमच्या मते मात्र ह्या निमित्ताने एक मोठा प्रश्न विचारला जावयास हवा. जो संगणक वर्षानुवर्षे अंतराळात राहणार, ज्याला कोणाचाही हात लागणे शक्य नाही, तो विश्वासार्ह कसा बनवावा? आणि तो बनवण्यास लागणारी शिस्त ह्या देशात आम्ही जोपासली आहे काय?

प्रश्नाचे स्वरूप आमच्या वाचकांना सहज उमगेल. देवळाच्या गाभाऱ्यात नंदादीप अखंड तेवतो, तो पुजारी वेळोवेळी तेल घालतो आणि वात सारतो म्हणून. पण समजा, गाभाऱ्याचे दार एकदा लावले की दहा वर्षे उघडावयाचे नाही. आणि तरी दिवा विझता कामा नये! दीर्घ प्रवासाला निघालेल्या अंतराळयानातील संगणकाची स्थिती नेमकी अशी असते. त्याने स्वतःच तेलाचा हिशेब ठेवावयाचा, स्वतःच काजळी झाडावयाची आणि एक वात विझली तर दुसरी पेटवून घ्यावयाची.

त्याच्या शत्रूंमध्ये थंडी आहे, उष्णता आहे, उड्डाणाच्या वेळचे हादरे आहेत. परंतु सर्वांत कपटी शत्रू म्हणजे विश्वकिरण. सूर्यापासून आणि दूरच्या ताऱ्यांपासून येणारे हे विद्युत्भारित कण पृथ्वीवर आपणांस फारसे छळत नाहीत, कारण वातावरण आणि पृथ्वीचे चुंबकत्व आपले रक्षण करतात. विक्रम साराभाईंनी ज्या विषयावर केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली तो विषय हाच, आणि १९४७ साली अहमदाबादेत त्यांनी स्थापन केलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे आरंभीचे कामही ह्याच किरणांचे. संगणकाच्या स्मृतीत सारे ज्ञान शून्य आणि एक ह्या दोनच अंकांत साठवलेले असते. एखादा वेगवान कण चिपमधून आरपार गेला की शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो. चिपला इजा झालेली नसते. तिने खोटे बोलण्यास मात्र आरंभ केलेला असतो. ही केवळ अंतराळातील गोष्ट नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात, सूर्यावरून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते असे आढळल्यावर, एअरबस कंपनीला जगभरातील सुमारे सहा हजार विमानांत तातडीने दुरुस्ती करावी लागली. भारतीय प्रवाशांची विमानेही त्यांत होती.

ह्यावर उपाय आहेत, आणि त्यांमागील विचार आम्हां दर्यावर्दी लोकांना नवा नाही. डार्विनला घेऊन १८३१ साली निघालेल्या 'बीगल' जहाजावर बावीस कालमापक घड्याळे होती. एकच घड्याळ असेल तर ते चुकल्याचे कळत नाही. दोन असतील तर कोणते चुकले ते कळत नाही. तीन असतील तर दोघांच्या साक्षीने तिसऱ्याची चूक पकडता येते. अंतराळातील संगणकातही तेच करतात. एकच गणित तिघे स्वतंत्रपणे सोडवतात आणि ज्या उत्तरावर दोघांचे एकमत, ते ग्राह्य मानतात. स्मृतीतील प्रत्येक शब्दाबरोबर काही जादा अंक साक्षीदार म्हणून ठेवतात. एखादा अंक उलटला तर त्या साक्षीदारांवरून तो शोधून सुलटा करता येतो. शिवाय एक पहारेकरी घड्याळ असते. संगणकाने ठरावीक अवधीत त्याला हाक दिली नाही, तर तो भांबावला असे समजून ते त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आणि काहीच उमजेनासे झाले तर यान आपली कामे आवरते, सूर्याकडे तोंड करून वीज मिळवते आणि पृथ्वीच्या आज्ञेची वाट पाहत राहते. मंगळावरील 'क्युरिऑसिटी' ह्या अमेरिकी गाडीत दोन संगणक आहेत. २०१३ च्या फेब्रुवारीत एकाची स्मृती बिघडली तेव्हा काम दुसऱ्यावर सोपवण्यात आले आणि गाडी वाचली.

परंतु नगास नग जोडून ठेवला म्हणजे विश्वासार्हता आली, असे समजणे हा भ्रम होय. त्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. आपल्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहमालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. त्यात परदेशातून आणलेली तीन अणुघड्याळे होती. एक बिघडले तरी दुसरे, दुसरे बिघडले तरी तिसरे असा हिशेब होता. तिन्ही एकापाठोपाठ निकामी झाली! एकाच साच्यातून निघालेल्या तिघांत एकच खोड असेल तर ते तिघे नव्हेत, एकच होत. रशियाचे मंगळाच्या उपग्रहाकडे निघालेले 'फोबोस-ग्रुंट' हे यान २०११ साली पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि पुढील जानेवारीत कोसळले. त्याच्या संगणकाच्या दोन्ही शाखांतील स्मृतिचिप्स एकाच वेळी किरणांच्या माऱ्याने बिघडल्या असाव्यात आणि त्या अंतराळासाठी घडवलेल्याच नव्हत्या, असे तेथील चौकशी समितीने म्हटले. आपल्या चांद्रयान-१ चे आयुष्य दोन वर्षांचे धरले होते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या ह्या यानाचे तारे पाहून दिशा ठरवणारे डोळे आधी गेले आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी त्याचा आवाज कायमचा थांबला. चंद्रावर पाण्याचा पुरावा देऊन ते गेले, हे त्याचे पुण्य. पण आयुष्य अर्ध्यावर तुटले, हेही सत्य.

त्याच देशाने मंगळयान घडवले, हे सांगितल्यावाचून आमचे म्हणणे एकांगी ठरेल. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळापाशी पोहोचले. त्या दिवशी पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथवर जाण्यास बारा मिनिटांहून अधिक काळ लागत होता. म्हणजे संकटाची बातमी येऊन आज्ञा परत जाईपर्यंत संकट टळलेले तरी असते, नाहीतर यान संपलेले तरी असते. म्हणून साऱ्या आज्ञा कित्येक दिवस आधीच त्याच्या संगणकात भरून ठेवल्या होत्या. सुमारे तीनशे दिवस झोपलेले मुख्य इंजिन पेटेल की नाही, हे दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून पाहिले होते; आणि ते न पेटल्यास आठ लहान इंजिनांनी काय करावयाचे, हेही ठरवले होते. सहा महिन्यांसाठी बांधलेले यान २०२२ पर्यंत चालले. हे दैवाने घडले नाही. काय काय बिघडेल ह्याची यादी जाण्यापूर्वीच ज्यांनी केली, त्यांच्या हाताने ते घडले.

ह्या विद्येचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर १९७७ साली निघालेल्या 'व्हॉयेजर-१' कडे पाहावे. त्याच्या संगणकांची स्मृती आजच्या साध्या मोबाइलपुढे नगण्य होय. माहिती जुळवून पाठवणारा त्याचा जोडीचा संगणक १९८१ सालीच गेला; उरलेला एकटा पुढे चाळीस वर्षे चालला. २०२३ च्या नोव्हेंबरात तोही बरळू लागला. चोवीस अब्ज किलोमीटरांवर, जेथे संदेश पोहोचण्यास साडेबावीस तास लागतात, तेथील एका लहानशा स्मृतिचिपने दम सोडला होता. जुनी कागदपत्रे चाळून इंजिनियरांनी त्या चिपवरील आज्ञांचे तुकडे केले, ते इतरत्र जेथे रिकामी जागा मिळाली तेथे बसवले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा सुसंबद्ध बोलू लागले. ज्यांनी ते घडवले त्यांनी काय केले आणि का केले हे लिहून ठेवले होते, म्हणून नातवंडांच्या पिढीला ते दुरुस्त करता आले. विश्वासार्हतेचे अर्धे काम टिपणवहीत होते.

आमचा मुख्य मुद्दा येथेच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे अवतरण फसले. पुढील यानाची रचना करताना, 'काय साधेल' हे न पाहता 'काय काय फसेल आणि तरी यान कसे वाचेल' हे पाहिले, असे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ ह्यांनी २०२३ साली स्पष्ट सांगितले. उतरण्याची पाचशे मीटरांची जागा चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटरांच्या आसपास रुंद करण्यात आली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी देशाने विजय पाहिला. अपयशाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचे फळ एवढे गोड असताना, अपयशाचे संपूर्ण अहवाल जनतेपुढे ठेवण्यास आमचे शासन इतके का बिचकते? विजयाच्या दिवशी शाळाशाळांतून थेट प्रक्षेपण दाखवावयाचे आणि पराजयाची कारणे मात्र लोकसभेच्या प्रश्नोत्तरातील दोनचार ओळींत गुंडाळावयाची, ही रीत शास्त्राला शोभणारी नव्हे. सुरतेत चिपची परीक्षा करणाऱ्या मुलीला, पुण्यात आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाला आणि गोव्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला चांद्रयान-२ नेमके कसे पडले, घड्याळे नेमकी का थांबली, हे शिकता आले पाहिजे. संरक्षणाची गुपिते अवश्य झाका. चुका झाकू नका.

दुसरा मुद्दा स्वदेशीचा. १९८४ साली मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये चिप्स बनू लागल्या आणि १९८९ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत तो कारखाना भस्मसात झाला. पुन्हा उभा राहीपर्यंत जग कोठच्या कोठे गेले होते. जो देश यानात तीन-तीन संगणक बसवतो, त्याने चिपचे सारे भवितव्य एका छपराखाली ठेवावे, ह्याला काय म्हणावे? त्याच मोहालीत घडलेला 'विक्रम-३२०१' हा बत्तीस अंकी प्रक्रियक २०२५ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ 'विक्रम-१६०१' हा २००९ पासून आपल्या अग्निबाणांत काम करीत आलेला आहे. आम्हांस ह्याचा अभिमान वाटतो. परंतु अग्निबाणाचा प्रवास काही मिनिटांचा असतो. शुक्राच्या मोहिमेला २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली असून २०२८ साली ती निघावयाची आहे. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस हे संकल्प सोडलेले आहेत. मिनिटांची कसोटी वेगळी आणि वर्षांची कसोटी वेगळी. ज्या संगणकावर माणसाचा श्वास अवलंबून राहणार, त्याला केवळ 'भारतात बनले' एवढा शिक्का पुरणार नाही. परदेशी घड्याळे थांबली म्हणून स्वदेशी घड्याळ थांबणार नाही, असे कोणी मानू नये. अहमदाबादच्या केंद्रात घडलेले स्वदेशी अणुघड्याळ २९ मे २०२३ रोजी वर गेले. त्याचे मोल त्याच्या जन्मगावावरून नव्हे, त्याच्या आयुष्यावरून ठरेल.

ह्यावर कोणी म्हणेल की, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चिप्स वापराव्यात, एक गेली तर दुसरी पाठवावी. मंगळावर २०२१ साली उडालेल्या 'इंजेन्युइटी' ह्या चिमुकल्या हेलिकॉप्टरात मोबाइलमधील चिप होती आणि पाच उड्डाणांसाठी बनवलेले ते यंत्र बहात्तर वेळा उडाले. उदाहरण खरे आहे, पण अपुरे आहे. त्या बाजारी चिपवर किरणांना दाद न देणाऱ्या दुसऱ्या चिपचा पहारा बसवलेला होता. आणि ते यंत्र पडले असते तरी कोणाचा जीव जाणार नव्हता. जेथे पडणे परवडते तेथे स्वस्त वस्तू अवश्य वापराव्यात. जेथे परवडत नाही तेथे परीक्षेत काटकसर करणे हा गुन्हा होय.

आता पुन्हा ताप्तीकाठी येऊ. चिपला अंतराळयोग्य ठरवण्याचे बरेचसे काम तिच्या जन्मानंतर होते. तिला दीर्घकाळ तापवून चालवावयाचे, गोठवावयाचे, पुन्हा तापवावयाचे, हलवावयाचे, निर्वात पेटीत ठेवावयाचे आणि कच्च्या चिप्स निवडून बाजूला काढावयाच्या. अशा चिप्सना सिरॅमिकचे हवाबंद कवच लागते. सुरतेच्या हिमसन कंपनीने तयार केलेले सिरॅमिकचे भाग चांद्रयान-३ साठी वापरले गेले होते. कवच चढवण्याचा कारखाना आला आहेच. आणि जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या ह्या शहरात सूक्ष्म दोष टिपणारे लक्षावधी डोळे आहेत. प्रयोगशाळेत हिरे पिकवण्याची विद्याही येथे रुजली आहे. हिरा तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता वाहून नेतो आणि प्रारणाला सहजी दाद देत नाही, म्हणून चिपसाठी त्याचा उपयोग करण्याचे संशोधन जगभर चालू आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या संशोधनासाठी आय.आय.टी. मद्रासला २४२ कोटी रुपये जाहीर झाले. चेन्नईचे संशोधन आणि सुरतेची भट्टी ह्यांची गाठ कोण घालून देणार?

ही मागणी चैनीची नव्हे. पेंटॅगॉनहून मोठी म्हणून गाजलेली हिरेबाजाराची इमारत २०२३ च्या डिसेंबरात उघडली, आणि त्याच सुमारास परदेशी मागणी आटल्याने घंटी थांबलेल्या कारागिरांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत सुरू झाली. पुढे २०२५ साली अमेरिकेने जबर जकात लादली. खानदेशातून आणि ओडिशातून पोटासाठी तेथे गेलेल्या श्रमिकांच्या वस्त्याही त्याच शहराच्या आधाराने उभ्या आहेत. एकाच गिऱ्हाइकावर तोललेले नगर आणि एकाच संगणकावर तोललेले यान, दोहोंची गत सारखीच. म्हणून आमची सूचना अशी की, केंद्र शासनाने सुरतेत अंतराळयोग्य सुट्या भागांची परीक्षा घेणारे राष्ट्रीय केंद्र उभारावे. मुंबईचे पेलेट्रॉन यंत्र आणि दिल्लीचे त्वरक केंद्र येथील किरणांच्या चाचण्यांशी त्याची सांगड घालावी. आणि त्यात हिऱ्याच्या कारागिरांना शिकवून सामावून घ्यावे. सर्वांना त्यात काम मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण हजारो निष्णात डोळे रिकामे बसवून परदेशातून तपासलेले भाग विकत आणणे हे शहाणपणाचे नव्हे.

ह्या विषयाचा आपणांशी काय संबंध, असे किनाऱ्यावरील वाचकाने म्हणू नये. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ उठले तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कित्येक होड्या भरकटत देवगडच्या बंदरात आश्रयाला आल्या आणि कित्येक कोठेच पोहोचल्या नाहीत. भरदर्यात त्यांना सूचना मिळाली नव्हती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी मच्छीमार होड्यांवर उपग्रहामार्फत संदेश देणारी-घेणारी यंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. एक लाख होड्या आणि ३६४ कोटी रुपये असा तिचा पसारा आहे. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून जो तांडेल होडी लोटतो, त्याचा भरवसा आता दर्याबरोबरच आकाशातील एका संगणकावरही राहणार आहे. त्या संगणकाला तो कधी पाहणार नाही. तो घडवणाराही ह्या तांडेलाला कधी पाहणार नाही. तरीही फळी निवडताना लवजी सुताराने जशी अनोळखी खलाशांची आठवण ठेवली असेल, तशी ती चिप तपासणाऱ्याने ठेवावी, आणि अहवाल दडवण्यापूर्वी शासनानेही ठेवावी.